जप्त न होणाऱ्या वस्तू

ताईचा फोन गुरुवारी सकाळी आला. फोनवर बोलताना प्रस्तावना करायची तिला सवय नाही. ती गोष्ट मधूनच सुरू करते.

"यायनं लेथ भंगारवाल्याले देऊन टाकली. सोमवारी न्यायले येते तो. तू काही करतं का?"

"देऊन टाकली म्हणजे? पैसे घेतले?"

"पाच हजार बयाणा घेतला. वजनावर देऊन राहिले. लोखंडाच्या भावानं."

'यायनं' म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आमच्या भाऊजींनी. तीस-पस्तीस वर्षं त्यांचा हथखोजच्या औद्योगिक भागात छोटा कारखाना होता. कारखाना हा शब्द जरा मोठा झाला. पत्र्याची शेड होती आणि तिच्यात ही लेथ होती. फिरत्या लोखंडाला हत्यार लावून ते कातायचं, घासत घासत हव्या त्या मापाला आणायचं, हे तिचं काम. आठ फूट लांबीची ती लेथ भाऊजींनी एका लिलावात घेतली, तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. ताई तिला 'मोठी' म्हणायची. "माह्या आधी घरात आली, तर मोठीच म्हणा लागन ना," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि भाऊजी दर वेळी नव्यानं लाजायचे.

फोन मला का, याचं उत्तर सोपं आहे. माझ्या घरी पुस्तकांची चार कपाटं आहेत. त्यात कायद्याचं एकही नाही. कादंबऱ्या आहेत, प्रवासवर्णनं आहेत, आणि बागांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक आहे, जे मी निवृत्तीनंतर वाचणार आहे असं वीस वर्षं सांगतो आहे. पण आमच्या नातेवाइकांच्या मते वाचणारा माणूस हा थोडा वकील आणि थोडा डॉक्टर असतोच. पित्ताशयातल्या खड्यांबद्दलही मला विचारतात. प्रत्यक्षात मी पोलादाच्या प्लांटच्या स्टोअर्समध्ये कारकून. किती नट आले, किती बोल्ट गेले, हे लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली.

भाऊजी कर्जात आहेत हे माहीत होतं. कसे गेले तेही डोळ्यांसमोरच घडलं होतं. एका ठेकेदारानं त्यांना मोठ्या कामाचं आश्वासन दिलं, बँकेनं कर्ज दिलं, आणि संगणकावर चालणारी नवी मशीन आली. तिच्या उद्घाटनाला मी हजर होतो. थाळीत कात्री होती, लाल फीत होती, आणि दोन तास उशिरा आलेले प्रमुख पाहुणे होते. त्यांनी मशीनपेक्षा स्वतःबद्दल जास्त माहिती दिली. शेडच्या दारावर भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर उसना कोट घातलेले भाऊजी आणि खाली 'युवा उद्योगपती'. भाऊजी तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते.

पुढे ठेकेदार दीड वर्षाची बिलं थकवून गाव सोडून गेला. बँकेनं नवी मशीन उचलून नेली, तरी कर्ज पुरतं फिटलं नाही. शिवाय लोखंड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं देणं होतं. आणि एक फायनान्सवाला होता, जो दर आठवड्याला येऊन ओट्यावर बसायचा आणि चहा नको म्हणायचा. तो चहा नको म्हणतो, याचीच ताईला जास्त भीती वाटायची.

ताईचा फोन यायच्या आधी भाऊजी 'कर्जमुक्ती मार्गदर्शन शिबिरा'लाही जाऊन आले होते. सुपेल्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, प्रवेश फी दीड हजार. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. मग कानाला माइक लावलेल्या, सूटमधल्या एका गृहस्थांनी सगळ्यांना उभं करून हात वर करायला लावले आणि 'मी कर्जमुक्त आहे' असं तीनदा म्हणायला लावलं. भाऊजींनी तीनदा म्हटलं. घरी आले तर फायनान्सवाला ओट्यावर. पुढचं वैयक्तिक मार्गदर्शन पंचवीस हजारांचं होतं. नशीब, तेवढे पैसे भाऊजींकडे नव्हते.

माझ्या ऑफिसातल्या एकानं शेजारच्या दुर्ग शहरातल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. शनिवारी सकाळी मी ताईला आणि भाऊजींना माझ्या जुन्या गाडीत बसवलं. भाऊजींच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. साडीच्या दुकानाची.

वकीलबाईंची खोली पाहून मला बरं वाटलं. भिंतीवर एकही सन्मानपत्र नव्हतं, औषधाच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. बाई साठीच्या आसपासच्या, या हिंदी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीत जायच्या आणि पुढच्या वाक्यात परत यायच्या. त्यांनी आधी पिशवी उघडली नाही. भाऊजींसमोर कोरा कागद ठेवला.

"ज्याचं ज्याचं देणं आहे ते सगळे लिहा. दूधवालासुद्धा. बहीण-भाऊसुद्धा. एक नाव लपवलं की मी तुमचं काम करणार नाही."

भाऊजी लिहू लागले. ताईनं हळूच विचारलं, "मॅडम, दिवाळं म्हणतात ते काढा लागन का आमाले?"

"बाई, दिवाळं काढायचं नसतं. ते निघालेलंच असतं. कोर्टाला सांगायचं की नाही, एवढंच आपण ठरवतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सरळ, जसं एखादी बाई पाककृती सांगते तसं. नादार म्हणून जाहीर व्हायला जिल्हा कोर्टात अर्ज करता येतो, पण तो कायदा इंग्रजांच्या काळचा आहे. त्याप्रमाणे पाचशे रुपयांचं देणं असलं तरी माणूस अर्ज करू शकतो.

"पाचशेत माझ्या गाडीचं आजचं पेट्रोल येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच ते औषध शेवटी ठेवायचं," बाई म्हणाल्या. "वेळ फार लागतो, अन् नाव जायचं ते जातंच. आधी बँकेला एकमुश्त, म्हणजे एकरकमी, तडजोडीचं पत्र द्यायचं. फायनान्सवाल्याला हिशोब लिहून मागायचा. तोंडी काही नाही. एकाला चोरून देऊन दुसऱ्याला टांगून ठेवायचं नाही. जुनं फेडायला नवं कर्ज काढायचं नाही. अन् घाईत काही विकायचं नाही."

भाऊजींचं पेन थांबलं. "मी मशीन विकून राहिलो मॅडम. जुनी लेथ. सोमवारी."

"का बरं?"

भाऊजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "इमानदारीनं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ती लेथ बँकेच्या कागदात लिहिलेली आहे का?"

"नाही. माह्या पैशाची हाय. लग्नाआधीची."

बाईंनी मागच्या कपाटातून कव्हर निघालेलं एक पुस्तक काढलं. कोर्टाच्या हुकमानंही देणेकऱ्याच्या कोणत्या वस्तू जप्त होत नाहीत, त्याची ती यादी होती. बाई एकेक ओळ इंग्रजीत वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. अंगावरचे लागणारे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. कारागिराची अवजारं. आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने.

मी आयुष्यात बरंच वाचलं, पण कायद्याच्या पुस्तकात असं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. एरवी कायदा डोक्यावर पगडी घालून बोलतो. इथे कुणीतरी ती काढून बाजूला ठेवली होती आणि माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर त्याला काय काय लागेल, ते शांतपणे मोजलं होतं. नेसायला, शिजवायला, निजायला, कामाला.

"एवढी मोठी लेथ अवजारांत बसते की नाही, यावर समोरचा वकील भांडेल," बाई म्हणाल्या. "मीपण भांडीन. पण तुम्ही ती सोमवारी विकलीत, तर आम्ही दोघं भांडायचं कशावर?"

भाऊजी हसले नाहीत. मी हसलो आणि ताईकडे पाहिलं. तिनं त्याच वेळी पदर गळ्याशी ओढून घेतला होता. उकाड्याचे दिवस, पंखा गरम हवा फेकत होता, आणि ही बाई गळा झाकत होती.

भाऊजी कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले तेव्हा आम्ही दोघं गाडीत बसलो.

"दाखव," मी म्हटलं.

"काय दाखवू?"

"ताई."

तिनं पदर बाजूला केला. आमच्याकडे मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, हरभऱ्याहून थोड्या मोठ्या. एक सासरची, एक माहेरची. ताईच्या गळ्यात काळे मणी होते आणि एकच वाटी होती. दुसरीच्या जागी दोऱ्याची गाठ.

"माहेरची?" मी विचारलं.

"मंग काय सासरची विकू? ते त्यायच्या आईनं देली होती. म्हटलं, माह्या हक्काची विकाव."

"कशासाठी?"

"शेडची लाइट कापून राहिले होते. बिल थकलं होतं. लाइट गेली तर मोठी बंद पडली असती."

"मला सांगायचं ना."

"तू लेक्चर देलं असतं."

दिलं असतं, हे खरं आहे. मग अचानक तिला हसू आलं.

"ऐकलं ना तू? वाटी ते घेऊच शकत नव्हते म्हणे. अन् कोणी मागतलीच नव्हती रे. मीच पायी पायी जाऊन सोनाराले देऊन आली."

त्यानंतर वकीलबाईंकडे मी आणखी दोन-तीन घरांना घेऊन गेलो आहे, आणि दर वेळी हेच पाहिलं. बुडवायचं ठरवलेली माणसं सगळ्यात आधी स्वतःचं लपवतात. फेडायचं ठरवलेली माणसं सगळ्यात आधी ते विकतात, ज्याला कोणी हात लावू शकत नाही. कारण तेच हाताशी असतं.

"यायले सांगू नको," ताई म्हणाली. भाऊजी झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून येत होते.

रविवारी दुपारी मी हथखोजला गेलो. ताई डबा घेऊन आधीच आलेली होती, लोखंडी स्टुलावर बसली होती. शेड निम्मी रिकामी होती. जिथे नवी मशीन होती तिथे सिमेंटवर चार बोल्टांची भोकं उरली होती. गळणाऱ्या पत्र्यापासून वाचवायला लेथवर झाकण म्हणून तोच उद्घाटनाचा फ्लेक्स वापरात होता. तो आता घडी करून बाजूला ठेवलेला. 'युवा' दिसत होतं, 'उद्योगपती' घडीत गेलं होतं. भाऊजी लेथला तेल देत होते.

"भंगारात जायच्या मशीनला तेल कशाला भाऊजी?"

"मंग काय तशीच पाठवू? कोरडी?"

मी वकीलबाईंचं म्हणणं पुन्हा सांगितलं. लोखंडाच्या भावात येणाऱ्या पैशात त्यांच्या देण्याचा एक कोपराही भरत नाही, हेही सांगितलं. ते तेल देत राहिले.

"साळेसाहेब," ते शेवटी म्हणाले. मी बायकोचा भाऊ, म्हणून रागात असले की ते मला साळेसाहेब म्हणतात, आणि लाडात असले तरी. "तुमचा कायदा मले समजला. पण मी रस्त्यानं जातो ना, तवा कायदा माह्या संगं चालत नाही. लोकं पाहतात. म्हणतीन, पाहा, आमाले बुडवलं अन् मशीन ठेवून घेतली."

"मशीन राहिली तर त्यांचं थोडं थोडं फेडता तरी येईल."

"ते तुमी त्याईले सांगान. मी नाही सांगू शकत." त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "उद्या जाऊ द्या तिले. एकदा गेली का मी मोकळा."

कपाटातली चारशे पुस्तकं त्या वेळी काही कामाची नव्हती.

ताई स्टुलावरून उठली. भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पदर बाजूला केला.

"हे पाहा."

भाऊजींनी पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं.

"कवा?"

"संक्रांतीच्या आधी. लाइटचं बिल भरायले."

"ते तर तुहा भाऊ..." ते माझ्याकडे वळले. "तुमी देले होते ना पैसे?"

मी मान हलवली, नाही.

"मले दिसलं नाही," भाऊजी म्हणाले.

"तुमाले मशीनमधला अर्धा मिलिमीटर दिसते. बायकोचा गळा दिसत नाही." तिनं लेथवर हात आपटला, तेलाचा हात झाला तिचा. "हे मोठी चालू राहाव म्हणून देली मी. मी बी इमानदारीनंच विकली. आता तुमी मोठीलेच विकता, तं माही वाटी कायले गेली, ते सांगा. फुकट गेली का?"

शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी पत्रा कापत होतं. भाऊजींनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट, सावकाश, जसं ते मोजमाप घ्यायच्या आधी पुसतात. मग ताईचा तेलाचा हात हातात घेऊन तोही पुसला. आणि खिशातून फोन काढला.

भंगारवाला स्कूटरवर आला आणि भांडला. रिवाजाप्रमाणे बयाणा दुप्पट परत हवा, असं त्याचं म्हणणं. आणि रिवाज तसाच होता. भाऊजींनी पाच हजार हातावर ठेवले, बाकी नाहीत म्हणाले. शेवटी कोपऱ्यात पडलेली लोखंडाच्या किसाची चार पोती त्यानं बदल्यात घेतली. जाताना लेथकडे एकदा पाहून म्हणाला, "रख लो चाचा. अच्छी मशीन है. हमारे यहाँ तो कट ही जाती."

सगळं फिटलं आणि सगळे सुखानं नांदू लागले, असं मी लिहिणार नाही. बँकेशी तडजोड व्हायला आठ महिने लागले. शेडवरचा हक्क सोडून जे आलं, त्यातून बँक आणि लोखंडाचा व्यापारी मिटले. फायनान्सवाल्याकडे वकीलबाईंनी लेखी हिशोब मागितल्यावर त्याचं व्याज चमत्कार झाल्यासारखं उतरलं. जे उरलं ते महिन्याच्या महिन्याला देणं चालू आहे. कोर्टात अर्ज करायची वेळ आली नाही. ओळखीच्या एकाच्या कारखान्यात, तीन शेड पलीकडे, लेथला एक कोपरा मिळाला. क्रेननं उचलून तिला तिथे नेलं, आणि साठी ओलांडलेले भाऊजी क्रेनच्या पुढे हात वर करून 'आस्ते, आस्ते' ओरडत चालले. कोपऱ्याचं भाडं म्हणून आठवड्याचे दोन दिवस ते त्या मालकाचं काम करतात. रस्त्यात अजून काही लोक तोंड फिरवतात. काही फिरवत नाहीत.

माहेरची वाटी मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माहेर म्हणजे आता मीच. सेक्टर दोनमधलं हे प्लांटचं क्वार्टर आधी वडिलांचं, मग माझं. ताई इथूनच लग्न होऊन गेली. एका संध्याकाळी मी पाकीट घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं ते उघडलंसुद्धा नाही.

"नको. मॅडमच्या लिस्टमधी तुहं नाव लिहा लागन."

"हे उसने नाहीत, ताई. माहेरचे आहेत."

"माहेरचं देतं तं घरातलं काही दे. बँकेतलं नको."

भाऊजी आतून म्हणाले, "पितळ आणा साळेसाहेब. मले सोन्यातलं काही समजत नाही."

घरी येऊन शोधलं. पितळी भांडी माझ्या बायकोनं स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात कधीच देऊन टाकली होती. शेवटी खिळ्यांच्या खणात मागच्या अंगणातल्या नळाची जुनी पितळी तोटी सापडली. प्लास्टिकची बसवली तेव्हा मी काढून ठेवलेली. सकाळी तासभर पाणी यायचं तेव्हा याच तोटीखाली आधी कोण तोंड धुणार यावरून मी आणि ताई भांडायचो. ती मोठी असल्यामुळे जिंकायची. कागदोपत्री ती तोटी प्लांटची मालमत्ता आहे. स्टोअर्समध्ये तीस वर्षं असल्याच वस्तूंच्या नोंदी केल्या. ही एक राहिली होती, ती इथे करतो.

भाऊजींनी तोटीचं तोंड कापून लेथमध्ये पकडलं, चष्मा पुसला, आणि आठ फुटांच्या त्या मशीनवर मण्याएवढी वाटी कातायला घेतली. सोनेरी कुरळा कीस त्यांच्या बाहीवर पडत होता. आजूबाजूचे कामगार जमले.

"चाचा, क्या बना रहे हो?"

"अर्जंट जॉब है," भाऊजी म्हणाले. "पार्टी बहुत टेढ़ी है."

पार्टी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. पूर्ण दुपार गेली. पहिली वाटी बिघडली, दुसरी जमली. घरी जाऊन ताईनं ती काळ्या मण्यांत ओवली आणि आरशात न पाहताच गळ्यात घातली.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताई वाढायला वाकली आणि भाऊजींचा घास हातात राहिला. ते तिच्या गळ्याकडे पाहत होते.

"पितळेची अर्धा मिलिमीटर मोठी झाली," ते म्हणाले. "उतरव जरा. उद्या एक हात मारून आणतो. दोन मिनिटांचं काम हाय."

ताईनं त्यांच्या पानात भात वाढला.

"उतरवता येत नाही," ती म्हणाली. "मॅडमनं वाचून दाखवलं तवा तुमी तिथंच होते ना?"